पेला वेगळा कुणी ठेवला

अक्का, तुझा पितळी पेला तुझ्या वहिनींनी पांझरा नदीत सोडला. तेराव्याची पंगत उठल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन मुद्दाम विचारलं, तेव्हा कळलं. खिडकीच्या फळीवरची त्याची जागा मोकळी होती, लाकडावर गोल डाग तेवढा राहिला होता. वहिनी म्हणाल्या, "ठेवून काय करायचं, कुसुमताई? वापरणार कोण?" त्यांचं काही चूक नव्हतं. जिला तू उभ्या खान्देशातली तोंडाळ म्हणायचीस ती बाई गप्प राहिली, यावरून काय ते समजून घे.

बाहेर ओसरीवर लोक तुझ्याबद्दल भरभरून बोलत होते. मात्र तू कशानं गेलीस ते कुणी बोलेना. एक जण म्हणाले, अशक्तपणा फार आला होता. दुसऱ्यांनी सांगितलं, छातीत पाणी झालं होतं. शेजारच्या बाई म्हणाल्या, भाचीच्या, रजनीच्या लग्नात दृष्ट लागली, ती काही उतरली नाही. तू असतीस तर मला कोपऱ्यात चिमटा काढला असतास, ऐक, ऐक, नीट ऐक म्हणून. आपलं काम तुझ्याच ओसरीवर चाललं होतं आणि ऐकायला मी एकटी होते.

काम तरी कसलं, लोकांच्या घरात जाऊन बसायचं. दुष्काळाची वर्षं होती. क्षयाचं औषध निघालं आहे, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, तरी माणसं का येत नाहीत, हे पुण्याच्या एका संस्थेला जाणून घ्यायचं होतं. तू शाळेतली नोकरी सोडून आली होतीस आणि मी नुकतीच पदरात बी.ए. घेऊन संसारात कंटाळले होते. संस्थेच्या सरांनी छापील प्रश्न पाठवले. त्यातला पहिलाच तू मोठ्यानं वाचलास, "आपणांस क्षयरोगाविषयी काय माहिती आहे?" मग त्या कागदाची चौघडी घालून एस.टी.च्या खिडकीत खोचलीस, कारण काच खडखडत होती. साक्रीपर्यंत काच वाजली नाही. मी हसून हसून बेजार झाले आणि त्या हसण्यातच माझं अहोजाहो सुटलं. वयानं तू माझ्या थोरल्या बहिणीएवढी, पण त्या दिवसापासून मी तुला अगंतुगं करू लागले.

तुझी रीत साधी होती. दुखण्याचं विचारायचं नाही, पाणी मागायचं. पाणी येईस्तोवर मांडणीकडे बघायचं. सगळी भांडी एका ओळीत आणि एखादा पेला लांब, खिडकीत किंवा कोनाड्यात पालथा, असं दिसलं की तिथे पदर सावरून बसायचं. त्या पेल्याकडे बोट दाखवायचं नाही, नजरही रोखायची नाही. घरात काय आहे ते पेला सांगतो, तोंड सांगत नाही, असं तू म्हणायचीस. मग तू दुखणाईताशी बोलायचीस आणि मी घरच्यांशी, दोघींनी दोन ठिकाणी. एकाचं दुसऱ्याच्या कानावर घालायचं नाही, हा तुझा कायदा. सर विचारोत, सरपंच विचारो, तू हसून विषय बदलायचीस. त्या कायद्यावर लोक तुला जिवातलं सांगायचे.

आपलं भांडण पहिल्यापासून एकच. मी म्हणायचे, सुनेचा पेला वेगळा टाकणारी सासू असते, दुसरं कोण असणार? तू म्हणायचीस, विचारलंस का कुणाला?

मग तू साक्रीकडच्या त्या बाईला विचारलंस. कडेवर एक मूल, पदराला दुसरं. तूही तिच्यासारखंच अहिराणीत बोललीस, "पेला कोनी येगळा करा व माय?"

ती म्हणाली, "कोन सांगी माले? मीच ठेवा. पोरे धाकला शेतस ना."

"घर मा माहीत शे का कोनले?"

"कोनलेच नही. खडीनी धूळ शे, आसं सांगेल शे मी."

दुष्काळी कामावर खडी फोडायला अख्खं गाव जात होतं, त्यामुळे तिचा खोकला त्या धुळीत खपून गेला होता. तेवढ्या वेळात मी मागच्या अंगणात तिच्या सासूशी बोलत होते. म्हातारीनंही मला तेच सांगितलं, "खडीनी धूळ शे व माय. पानी पडनं का जाई." मला प्यायला पाणी द्यायला ती आत गेली तेव्हा तिचा हात कोनाड्यातला तो पेला न बघता चुकवून पुढे गेला आणि मांडणीवरचा दुसरा घेऊन आला. हे मी तेव्हा मागच्या दारातून पाहिलं होतं. त्याचा अर्थ मला फार उशिरा लागला, ते पुढे सांगते.

घर बदललं की पेल्याला निमित्त बदलायचं. पहूरला त्या कापडवाल्या सेठजींच्या घरी भांडी चांदीची होती. तिथल्या सूनबाई अदबीनं म्हणाल्या, "सासूजींचा नेम आहे, त्यांची ताटवाटी वेगळीच असते." माडीवर सासूजी खोकत होत्या. तू हात जोडून म्हणालीस, नेम मोठा कडक दिसतो. बाहेर आल्यावर मी तुला विचारलं, आता हा पेला कुणी वेगळा केला? तू म्हणालीस, त्यांनी स्वतःच. मी जे बोलते ते ऐकत जा.

दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं, ही म्हण आपल्या कामात खोटी, असं तू नेहमी म्हणायचीस. हे दुखणं मुंगीच्याच पावलानं येतं आणि पहिल्यांदा मांडणीवर चढतं. आणखी एक तुझं ठरलेलं. धुळ्याचा खोकला जळगावला औषधाला जातो, जळगावचा धुळ्याला येतो, कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून, आणि पारोळ्याच्या स्टँडवर दोन्ही खोकले समोरासमोर येतात, ते एकमेकांना ओळखतात आणि मान फिरवतात. हे तू एवढं रंगवून सांगायचीस की पुण्याचे सरसुद्धा हसले होते.

मग त्या श्रावणात मी तुझ्याकडे आले. रजनीला पाहायला नरडाण्याकडची मंडळी येऊन गेली होती आणि घर आनंदात होतं. रजनी भावाची मुलगी, पण तिची वेणी तू घातलीस, अभ्यास तू घेतलास, ती तुलाच बिलगायची. चहा आला, सगळ्यांना कपबशीत, तुला पितळी पेल्यात. मी विचारलं तशी म्हणालीस, "नेम धरलाय."

तू, अक्का! एकादशीला माझ्या डब्यातली भाकरी मागून खाणारी तू नेम धरलास आणि मला ते खरं वाटावं अशी तुझी अपेक्षा होती. चहा पिऊन तू उठलीस, पेला स्वतः विसळलास आणि खिडकीच्या फळीवर पालथा घातलास. मी त्या पेल्याकडे नजर रोखून पाहिलं. तू ते पाहिलंस आणि रजनीच्या शालूचा विषय काढलास.

त्या दिवसानंतर मला नको नको ते दिसायला लागलं. रजनी गळ्यात पडायला आली की तू काहीतरी आणायला उठायचीस. बोलताना पदर तोंडाशी यायचा. गाडीत खिडकीची जागा मला द्यायचीस ती आता स्वतःकडे ठेवायचीस, तोंड बाहेर करून बसायचीस. आपण दोघींनी शंभर घरांत जे जे टिपलं होतं ते तुझ्यात एकेक उगवत होतं, अगदी त्याच क्रमानं, आणि पुढचं काय ते मला पाठ होतं.

आणि मग पारोळा. मला पहूरला जायचं होतं. तू म्हणाली होतीस, मी घरीच आहे, पापड करायचेत. पारोळ्याला गाडी थांबली, मी पाणी प्यायला उतरले, तर जळगावहून आलेल्या गाडीतून तू उतरत होतीस. तोंडाला पदर, हातात कापडी पिशवी. तू मला ओळखलंस आणि मान फिरवलीस.

मी तुझा दंड धरला आणि भर स्टँडवर तुझ्यावर ओरडले. तू म्हणालीस, "हळू बोल."

"किती दिवस चाललंय हे?"

"इंजेक्शन घेतेय ना. बरी होतेय."

"धुळ्यात दवाखाना नाही?"

"कुसुम, अगं, आमच्या घरात क्षय आहे म्हटलं की रजनीला कोण करून घेईल? तुला सांगायला हवं का हे? तू आणि मी ऐकलंय ना ते घरोघर? रजनीचं लग्न होऊ दे. मग मी गावभर दवंडी पिटते."

"आणि लग्नघरातून दर आठवड्याला जळगावला कशी जाशील? औषध मधेच सोडलं तर पुढे ते लागू पडत नाही, हे किती बायकांना तू स्वतः सांगितलंस."

"तेवढं निभेल," तू म्हणालीस. मग माझा हात सोडवून घेतलास आणि वर मलाच बजावलंस, "कायदा माहीत आहे ना? एकाचं दुसऱ्याला नाही."

मी कायदा मोडला. त्याच आठवड्यात तुझ्या भाऊंकडे दुकानात गेले. गिऱ्हाईक गेल्यावर सरळ सांगितलं, भाऊ, अक्काला क्षय आहे, ती लपवते आहे, जळगावला जाते आहे. भाऊ कापडाच्या ताग्याची घडी घालत होते. त्यांनी ती घडी पुरी घातली.

"आम्हाला माहीत आहे, कुसुमताई."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तिनं पेला वेगळा ठेवला त्याच दिवशी कळलं. हिला कळलं, मला कळलं. रजनीलासुद्धा कळलंय. नेमाला हो म्हटलं आम्ही. ती आमच्यासाठी एवढं झाकतेय, आणि आम्ही म्हणायचं की आम्हाला दिसतंय? तिचं मन मोडेल."

"अहो, पण तिचं औषध सुटेल!"

भाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले, "झाकली मूठ आहे. रजनीचं लग्न होऊ दे."

तुझेच शब्द, अक्का. बहीणभावांनी एकमेकांशी एक अक्षर न बोलता तेच वाक्य ठरवलं होतं. तेव्हा मला साक्रीची ती म्हातारी आठवली, न बघता पेला चुकवणारा तिचा हात आठवला. तिलाही माहीत होतं. पहूरच्या सूनबाईंना माहीत होतं. सगळ्या घरांत सगळ्यांना माहीत होतं. दुखणाईत घरच्यांसाठी झाकतो, घरचे दुखणाइतासाठी आंधळे होतात, आणि त्या मायेच्या आड दुखणं निवांत वाढतं. आपण दोघी किती गावं फिरलो, पण दोघांना एका खोलीत बसवून कधी विचारलं नाही. आपला कायदाच आड आला. तुझा तो लाडका, सोन्यासारखा कायदा.

मी धावत तुझ्याकडे आले आणि सांगितलं की भाऊंना माहीत आहे. मला वाटलं होतं, आता गाठ सुटेल. तू आधी विचारलंस, "तू सांगितलंस?" मग विचारलंस, "कधीपासून माहीत आहे त्याला?" मी म्हटलं, पेला ठेवलास त्या दिवसापासून. तू खिडकीतल्या पेल्याकडे बघितलंस. मला वाटलं रडशील. तू म्हणालीस, "म्हणजे इतके दिवस तो माझ्यासमोर नाटक करत होता," आणि मग, "तू आता जा." लग्नापर्यंत तू माझ्याशी बोलली नाहीस. भाऊंशीही त्या विषयावर बोलली नाहीस. आता दोघांनाही माहीत होतं की दुसऱ्याला माहीत आहे, तरी नेम चालूच राहिला. आधीपेक्षा ते जास्त भयंकर होतं.

रजनीची हळद मला विसरता येत नाही. सगळ्या बायका तिला हळद लावत होत्या, गाणी चालली होती. तू दाराच्या चौकटीला टेकून उभी होतीस, तोंड सुपारीएवढं झालेलं, गालांवर तो लालीचा तुकडा, जो आपण दोघींनी दुखणाइतांच्या गालांवर कितीदा पाहिला होता. कुणीतरी हाक मारली, "अक्का, तू लाव ना, तुझी लेकच ती." तू म्हणालीस, "माझे हात तेलकट आहेत." रजनी पाटावरून तुझ्याकडे बघत होती. भाऊ मांडवातून बघत होते. वहिनी बघत होत्या. सगळ्यांनी एकदम नजरा खाली केल्या आणि गाणं पुढे चालू झालं. मी त्या घोळक्यात उभी होते आणि मला ओरडावंसं वाटत होतं. लग्नाच्या त्या धामधुमीत तू जळगावला गेली नव्हतीस, हे तुझ्या खोकल्यावरून मला कळत होतं.

लग्न झालं. मूठ झाकलेली राहिली. मग घरात सगळं उघड केलं आपण, भाऊ स्वतः तुला टांग्यातून इथल्या दवाखान्यात घेऊन गेले, पण औषधानं पाठ फिरवली होती. जे जे तू बायकांना सांगत आलीस ते तुझ्यावरच आलं.

शेवटच्या दिवसांत मी तुझ्या उशाशी असायचे. तू मला लांब बस म्हणायचीस, मी बसत नसे. एकदा तू म्हणालीस, "कायदा मोडलास तू." मी म्हटलं, "हो." तू दम घेऊन म्हणालीस, "बरं केलंस की वाईट, ते माझं अजून ठरलेलं नाही." मी म्हटलं, ठरव मग लवकर. हे असं मी बोलले, अक्का, मरणाऱ्या माणसाशी. तुला हसू आलं आणि हसण्यानं खोकला आला. ते ठरवायचं तसंच राहून गेलं. मी अजून वाट बघते आहे की तू सांगशील. मला तुझा राग येतो. आणि असा राग धरावा एवढी जवळची बाई मला मिळाली, माणसांच्या घरात कसं बसावं ते तिनं मला शिकवलं, यासाठी देवाचे आभारही मानते. दोन्ही एकदम होतं. तुला ते कळेल.

आता जे सांगायला बसले ते सांगते. मला खोकला आहे. आधी म्हटलं, जिनिंग गिरणीचा कापूस उडतोय. मग म्हटलं, तुझ्यासाठी रडून घसा बसला. बघ, मलाही निमित्तं सुचायला लागली.

परवा सकाळी चहा पिऊन मी कप विसळला आणि मांडणीवर ठेवण्याऐवजी खिडकीत पालथा घातला. कुणी सांगितलं नव्हतं. माझ्याही मनात काही नव्हतं, हात आपला गेला. दुपारी तो मला तिथे दिसला. पेला माणूस स्वतःच वेगळा करतो, हे तुझं म्हणणं मी इतकी वर्षं हट्टानं मानलं नव्हतं. ते अशा तऱ्हेनं पटावं अशी माझी इच्छा नव्हती.

काल सकाळी सासूबाईंनी चहा ओतला. माझा कप त्यांनी खिडकीतूनच उचलला, काही न बोलता, आणि माझ्यापुढे ठेवताना माझ्याकडे पाहिलं नाही. माझी लेक शुभा रोज माझ्या कुशीत झोपायची, तिचं अंथरूण आदल्या दिवसापासून आजीच्या खोलीत गेलं होतं. "तिला गोष्ट ऐकायची होती," असं हे म्हणाले आणि वर्तमानपत्रात तोंड घातलं. कुणी काही विचारलं नाही. घर इतकं शांत आणि इतकं गोड वागत होतं की मला तिथून पळून जावंसं वाटलं. त्या शांततेत मला रजनीच्या हळदीतली गाणी ऐकू येत होती.

मी कप उचलला आणि सगळ्यांच्या मधोमध जमिनीवर ठेवला. म्हटलं, "हा मी वेगळा ठेवलाय. मला खोकला आहे. अक्काच्या उशाशी मी शेवटपर्यंत बसले होते आणि अक्काला क्षय होता."

तो शब्द आमच्या घरात पहिल्यांदा बोलला गेला. ह्यांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं. शुभानं विचारलं, "आई, क्षय म्हणजे काय?" आणि सासूबाईंना एकदम रडू फुटलं. पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या, "मला वाटलं, तुला अजून माहीत नाही गं."

अक्का, तू असतीस तर हे वाक्य तुला ऐकवलं असतं आणि तुझं तोंड बघितलं असतं. कप मी परत मांडणीवर ठेवलेला नाही, डॉक्टर सांगतील तोवर तो खिडकीतच राहील. शुभाही आजीजवळच झोपेल, पण का ते आता तिला माहीत आहे. मला भीती वाटते. भीती वाटते हे मी काल ह्यांना सांगितलं, तेव्हा ह्यांनाही वाटते असं कळलं.

उद्या छातीचा फोटो काढायला जायचं आहे. हे बरोबर येणार आहेत. लवकर जाऊन मी दवाखान्याच्या पुढच्याच बाकावर बसणार आहे, रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही दिसेल अशी. इथेच, धुळ्यात.